आयात रेतमात्रा आणि वेशीवरचा पहारा

ब्राझीलमध्ये जोपासल्या गेलेल्या गीर वळूंचे गोठीत रेत भारतात आणावे की आणू नये, या प्रश्नावर गेली काही वर्षे आपल्याकडे जो वाद चालला आहे त्यात एका पक्षाने वंशशुद्धीचा आणि दुसऱ्याने दुधाच्या आकड्यांचा आधार घेतला. परंतु या दोहोंपेक्षा अधिक निकडीची जी गोष्ट, म्हणजे त्या रेताबरोबर कोणकोणत्या व्याधी देशात शिरू शकतात आणि त्या वेशीवरच थोपविण्याचा पुरेसा बंदोबस्त आपण केला आहे की नाही, तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेलेले दिसते. अशा रेतमात्रा आता प्रत्यक्ष येऊ लागल्या आहेत. जर्सी आणि होल्स्टिन फ्रिजियन वळूंचे रेत तर कित्येक दशकांपासून येत आले आहे. तेव्हा आणावे की नाही हा वाद मागे पडून कसे आणावे हाच प्रश्न आता शिल्लक राहिला आहे. माझे मत प्रथमच सांगून टाकतो. आयातीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती निर्यात करणाऱ्या देशाच्या दाखल्यावर विसंबून राहून तपासणीचे काम उरकले असे मानण्याला. तपासणी आपली असावी, ती आपल्या नाक्यावर व्हावी, आणि आलेल्या प्रत्येक रेतकांडीची नोंद, ती ज्या गाईला भरवण्यासाठी वापरली गेली त्या गाईच्या गोठ्यापर्यंत अखंड राहावी.

हा आग्रह अतिरेकी वाटण्याचा संभव आहे, म्हणून थोडे इतिहासात शिरणे अवश्य आहे. आणि हा इतिहास आपल्याच गुरांचा आहे. गीर, कांकरेज आणि ओंगोल या जाती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्राझीलमध्ये जाऊ लागल्या. तिकडे ओंगोलला नेलोर आणि कांकरेजला गुझेरा म्हणतात, आणि भावनगरच्या महाराजांकडून गेलेल्या ‘कृष्ण’ नावाच्या गीर वळूची संतती तेथील गोपालक आजही अभिमानाने सांगतात. या वाटेवर १९२० साली एक अनर्थ घडला. हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात मुक्कामाला उतरविली गेली, त्यांच्या अंगी बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथीचा विषाणू होता, आणि त्याच बंदरातील विलगीकरणाच्या जागी असलेल्या इतर जनावरांना तो लागून त्यांच्यामार्फत बेल्जियमच्या गावोगावी पसरला. ज्या युरोपने बुळकांडीचा निःपात केल्याची खात्री बाळगली होती त्याच्या दारात ती पुन्हा उभी राहिली. या भयातून १९२१ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ राष्ट्रांनी करार करून जी संस्था स्थापन केली तीच आजची जागतिक प्राणिआरोग्य संघटना. पैदाशीसाठी परदेशी निघालेल्या भारतीय गुरांच्या एका खेपेमुळे जगातील पशुरोगांचा सगळा आंतरराष्ट्रीय कारभार उभा राहिला, ही गोष्ट आपल्या पशुसंवर्धनाच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यावयास हवी होती. खेपेतल्या रोगाने खंडेच्या खंडे उजाड होऊ शकतात याचा दाखला त्याच्याही आधीचा आहे: १८८७ साली आजच्या इरिट्रियातील मसावा बंदरावाटे आफ्रिकेत शिरलेली बुळकांडी दहा वर्षांच्या आत त्या खंडाच्या दक्षिण टोकाला जाऊन पोहोचली होती, आणि तिच्यामागून इथिओपियात जो भीषण दुष्काळ आला त्यात माणसेही गुरांइतकीच असहाय ठरली.

ब्राझीलने यातून काय धडा घेतला हे पाहण्यासारखे आहे. १९२१ साली साओ पावलो प्रांतात बुळकांडी उद्भवताच तिचा कठोरपणे बीमोड करण्यात आला आणि आपल्याकडील गुरांच्या आयातीवर बंदी आली. पुढे जेव्हा जेव्हा मुभा दिली गेली तेव्हा ती अटींसह दिली गेली, आणि १९६२ साली भारतातून गेलेली शेवटची मोठी खेप तर मुख्य भूमीवर थेट उतरू न देता अटलांटिक महासागरातील फर्नांडो द नोरोन्या या बेटावर ठेवून, तिच्या आरोग्याविषयी खात्री पटल्यावरच पुढे नेण्यात आली. ज्या गीर वंशाच्या दुधाचे आकडे वाचून आज आपण विस्मित होतो त्या वंशाची तिकडील भरभराट नोंदवहीतील काटेकोर वंशावळ आणि समुद्रातील ते बेट या दोहोंच्या आश्रयाने झाली आहे. त्यांच्याकडून रेत घेणारांनी हा बेटाचा भाग दृष्टीआड करू नये.

जिवंत वळू आणणे आणि त्याचे रेत आणणे यांत भेद आहे आणि तो रेताच्या बाजूने आहे, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. कृत्रिम रेतनाचा प्रसार युरोपात ज्या कारणांनी झाला त्यांतले एक प्रमुख कारण रोगनिवारण हेच होते. एका वळूमागे गावभरच्या गाई नैसर्गिक संयोगाने फळविल्या जात तेव्हा ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर या जननेंद्रियाच्या संसर्गांनी कळपच्या कळप वांझ होत, आणि तपासलेल्या वळूचे रेत वापरू लागल्यावर हे दुखणे पुष्कळ अंशी मावळले. रेतात मिसळलेली प्रतिजैविके अनेक जिवाणूंना मारतात. परंतु विषाणूंवर त्यांची मात्रा चालत नाही, आणि उणे १९६ अंश तापमानाच्या ज्या द्रव नायट्रोजनात शुक्रजंतू वर्षानुवर्षे जिवंत राहतात त्याच शैत्यात विषाणूही तितक्याच सुखाने टिकून राहतो. शिवाय पाव मिलिलिटरच्या एका कांडीत सुमारे दोन कोटी शुक्रजंतू सामावतात आणि एका उत्तम वळूपासून वर्षाकाठी अशा हजारो कांड्या होतात. गावातल्या रोगट वळूचे नुकसान त्या पंचक्रोशीत राहत असे. रोगट वळूच्या गोठीत रेताचे नुकसान, कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वीच, सांगलीपासून संगमनेरपर्यंतच्या गोठ्यांत पोहोचलेले असेल.

यातील एक बारकावा सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा आहे. नैसर्गिक संयोगात वळूकडून गाईला हा रोग लागण्याचा संभव कमी असतो, कारण वीर्य योनिमार्गात पडते आणि गर्भाशयाचे मुख हे एक नैसर्गिक कवच असते. कृत्रिम रेतनात मात्र आपण नळी त्या मुखापलीकडे नेऊन रेत थेट गर्भाशयात सोडतो, आणि त्यामुळे दूषित रेत असल्यास जिवाणूला निसर्गाने ठेवलेला अडसर आपल्याच हाताने दूर केलेला असतो. गाय सात-आठ महिन्यांची गाभण असताना गाब टाकते, जार अडकते, आणि तो गर्भ व ती जार उघड्या हातांनी उचलणाऱ्या गृहिणीला किंवा पशुवैद्याला महिनोनमहिने चढउतार होणारा ताप जडतो. २०१९ पासून केंद्र सरकारने चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस टोचण्याची मोहीम हाती घेतली आहे. एका हाताने लस टोचावी आणि दुसऱ्या हाताने कमी तपासलेले रेत आत घ्यावे, हा कारभार सुसंगत म्हणता येणार नाही.

विषाणूंचे कपट याहून खोल आहे. आयबीआर या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा नागीण कुळातील विषाणू एकदा जनावराच्या शरीरात गेला की मज्जातंतूंच्या गाठींत आमरण दडून बसतो. वळू धष्टपुष्ट दिसतो, खातो पितो, आणि प्रवासाचा शीण, हवापालट किंवा दुसरे आजारपण यांच्या निमित्ताने एखाद्या आठवड्यात तो विषाणू रेतातून बाहेर टाकू लागतो. बीव्हीडी या दुसऱ्या विषाणूची तऱ्हा आणखी विलक्षण आहे. गर्भावस्थेच्या पहिल्या चार महिन्यांत ज्या वासराला तो लागतो त्याचे शरीर त्याला परका म्हणून ओळखायलाच शिकत नाही. असे वासरू जन्मभर त्या विषाणूचे आगर बनून राहते आणि त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये शोधणारी चाचणी त्याला निर्दोष ठरविते. न्यूझीलंडमध्ये तर असा एक वळू आढळला की ज्याच्या रक्तात विषाणूचा मागमूस नव्हता, प्रतिद्रव्येही विपुल होती, आणि तरीही त्याच्या रेतातून तो विषाणू सातत्याने येत होता, कारण तो केवळ वृषणात घर करून राहिला होता. अशा उदाहरणांवरून एवढे स्पष्ट होते की वळूच्या रक्ताची तपासणी आणि त्याच्या रेताची तपासणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि पहिलीचा दाखला दुसरीच्या जागी स्वीकारणे धोक्याचे आहे. लम्पी त्वचारोगाच्या विषाणूविषयी दक्षिण आफ्रिकेत झालेल्या प्रयोगांनी तो संसर्ग झालेल्या वळूच्या रेतात उतरतो आणि कृत्रिम रेतनाने कालवडींना लागू शकतो हे दाखविले आहे. २०२२ साली लम्पीने आपल्या राज्यातील गुरांचे बाजार बंद पडले होते आणि अंगभर गाठी आलेल्या बैलाजवळ रात्र जागून काढणारे शेतकरी आपण पाहिले होते; त्यांना या प्रयोगांचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. आयबीआर आपल्या देशात १९७० च्या दशकापासून ज्ञात आहे, ब्रुसेलोसिस गावोगावी आहे, लाळ्या-खुरकूत तर आपल्या पाचवीला पुजलेली आहे आणि ब्राझीलने त्या रोगापासून मुक्ततेची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळविली आहे. मग आधीच रोगग्रस्त असलेल्या देशाने निरोगी देशाच्या रेतावर एवढा संशय कशासाठी घ्यावा? याचे उत्तर असे की रोगाचे नाव एक असले तरी विषाणूचे वाण एक नसतात. नागीण कुळातील त्या विषाणूचाच एक निकटचा आप्त वासरांच्या मेंदूला सूज आणून त्यांना मारतो. ब्राझील आणि अर्जेंटिना येथे तो सुपरिचित आहे, तो रेतातही सापडला आहे, आणि रक्तातील प्रतिद्रव्यांची साधी चाचणी या दोघांतील भेद सांगू शकत नाही. दुसरे असे की रोग सर्वत्र आहे म्हणून रेतकेंद्रातही असला तर चालेल, हा विचार जर आपण स्वीकारला तर आपल्या देशातील रेतकेंद्रांवर क्षय, जोन्स रोग, ब्रुसेलोसिस, आयबीआर यांच्या नियमित चाचण्यांचे जे निर्बंध आपणच घातले आहेत त्यांना अर्थ उरत नाही. देशी वळूला एक न्याय आणि परदेशी वळूला दुसरा, असे असू नये; असलेच तर परदेशी वळूच्या बाबतीत कडकपणा अधिक हवा, कारण त्याला आपण डोळ्यांनी पाहिलेले नाही.

उलट दिशेची भीतीही प्रमाणाबाहेर जाऊ नये. ब्राझीलमध्ये मॅड काऊ रोगाच्या असामान्य प्रकाराची तुरळक प्रकरणे आढळली तेव्हा रेताच्या आयातीविरुद्ध तेही कारण सांगितले गेले. परंतु हा रोग रेतातून पसरत नाही, आणि जागतिक प्राणिआरोग्य संघटनेच्या नियमांतही त्या रोगासाठी रेतावर अट घातलेली नाही. खोट्या भयापोटी खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून हे सांगणे भाग आहे.

खरा धोका परिचित रोगांच्या यादीपलीकडेही आहे. २०११ साली जर्मनीतील श्मालेनबर्ग गावापाशी एक नवाच विषाणू सापडला. दुभत्या गाईंचे दूध घटत होते, पुढे वाकड्या अवयवांची वासरे जन्माला येऊ लागली, आणि काही महिन्यांतच वळूंच्या रेतातही त्याचे अंश आढळले. त्या वर्षी जर्मनीतून निघालेल्या कोणत्याही दाखल्यावर त्या रोगाचे नाव असणे शक्यच नव्हते. ब्राझीलपुरतेच बोलायचे तर, तेथून युरोपात गेलेल्या, गर्भातील वासरांच्या रक्तापासून काढलेल्या रक्तद्रवात बीव्हीडीच्या कुळातील एक अनोळखी विषाणू सापडल्याचे जर्मन शास्त्रज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केले, आणि तोवर प्रचलित असलेल्या कित्येक चाचण्यांना तो नीट ओळखता येत नव्हता. दाखला हा त्याच्या तारखेपर्यंतच्या ज्ञानाचा असतो. तो प्रामाणिकपणे दिलेला असला तरी अपुरा ठरू शकतो.

म्हणूनच गोठीत रेताचा एक गुण आपण पुरेपूर वापरला पाहिजे, आणि तो आपल्या धोरणात अजून नीट उतरलेला नाही असे मला वाटते. जिवंत जनावर विलगीकरणात ठेवायचे तर त्याला वैरण लागते, गोठा लागतो, माणूस लागतो, आणि मालकाचा जीव टांगणीला लागलेला असल्यामुळे अंमलदारावर ते लवकर सोडण्याचा दबाव येतो. कांडीला यातले काहीच लागत नाही. द्रव नायट्रोजनाची पातळी राखली की ती सहा महिने काय, सहा वर्षेही आहे तशी राहते. निर्यात करणाऱ्या देशाने रेत गोळा केल्यानंतर त्या वळूची रक्ततपासणी किमान २१ दिवसांनी पुन्हा करावी, हा आयबीआरसाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कारण आज निर्दोष ठरलेला वळू कालच संसर्गित झालेला असू शकतो आणि त्याचे रक्त ते सांगायला काही आठवडे घेते. आपण याच्या पुढे जावे. आलेली प्रत्येक खेप किमान सहा महिने मुंबई, दिल्ली किंवा अन्य नाक्यावरील स्वतंत्र पात्रांत कुलूपबंद ठेवावी. त्या मुदतीत तो दाता वळू आणि त्याचे रेतकेंद्र निरोगी राहिल्याची दुसरी लेखी हमी घ्यावी. आणि ज्या ज्या दिवशीचे रेत आले आहे त्या प्रत्येक दिवसाच्या संचातील काही कांड्या फोडून, वळूच्या रक्तावर नव्हे तर त्या रेतावरच विषाणूच्या जनुकांची चाचणी आपल्या प्रयोगशाळेत करावी. यात काही कांड्या वाया जातील आणि त्यांची किंमत थोडी नसते हे खरे. पण ती किंमत आयात करणाऱ्याने खेप मागवितानाच हिशेबात धरावी. नायट्रोजनाची पात्रेही वेगळी ठेवावीत, कारण त्या द्रवातून एका कांडीवरील दूषण दुसरीवर जाऊ शकते.

प्रयोगशाळांचा आपल्याला तुटवडा नाही, किंवा परंपरेचाही नाही. देशातील पहिली पशुरोग प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यातच सुरू झाली, आणि रोगजंतूंवरील काम वस्तीपासून दूर असावे म्हणून १८९३ साली ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविली गेली. त्याच संस्थेच्या कामाच्या परंपरेतून पुढे बुळकांडीचा देशातून नायनाट झाला आणि २००६ साली तशी मान्यता मिळाली. आज भोपाळला अतिसुरक्षित प्रयोगशाळा आहे, पुण्यात औंधला रोगनिदानाची विभागीय प्रयोगशाळा आहे. उणीव आहे ती आयात रेताची प्रत्येक खेप त्यांच्या टेबलावरून जाऊनच पुढे सरकली पाहिजे अशा सक्तीची.

कायदाही आहे. १८९८ चा पशुधन आयात अधिनियम मुळात जिवंत जनावरांसाठी होता आणि २००१ च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत रेत, स्त्रीबीज आणि भ्रूणही आणले गेले. पूर्वपरवान्याशिवाय ते आणता येत नाहीत. भ्रूणांविषयी थोडेच सांगायचे: गाईच्या गर्भाशयातून काढलेला भ्रूण त्याच्या बाह्य कवचासह दहा वेळा धुतल्यास बहुतेक रोगांच्या दृष्टीने रेतापेक्षाही निर्धोक ठरतो, परंतु प्रयोगशाळेत फळविलेल्या भ्रूणाच्या कवचाला विषाणू अधिक चिवटपणे चिकटतात, आणि ब्राझीलची भ्रूणनिर्मिती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारची आहे. दोहोंना एकच अट लावणे बरोबर नाही.

परवान्याच्या वाटेने येणाऱ्या रेताइतकेच चोरवाटेने येणारे रेत चिंताजनक आहे. ऑस्ट्रेलियात डेन्मार्कमधील डुकरांचे रेत शांपूच्या बाटल्यांत लपवून वर्षानुवर्षे आणल्याबद्दल २०१९ साली दोघांना तुरुंगवास झाला. ज्या देशाची विलगीकरण व्यवस्था जगात सर्वांत कडक मानली जाते तेथे हे घडले. आपल्याकडे गोठीत रेताचा फिरता बाजार मोटारसायकलवरच्या पात्रांतून चालतो, आणि ‘परदेशी’ या एका शब्दावर कांडीची किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणून नियम कडक करताना अधिकृत रेत योग्य दरात आणि मुबलक मिळेल याचीही तजवीज केली पाहिजे, नाहीतर दोन-तीन गाईंवर संसार चालविणारा शेतकरी स्वस्ताईच्या आशेने त्या चोरवाटेकडे ढकलला जाईल, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

या शेतकऱ्याकडेच शेवटी यावे लागते, कारण रोग प्रथम दिसणार तो त्याच्या गोठ्यात. गाय भरवली, तीन आठवड्यांनी उलटली, पुन्हा भरवली, पुन्हा उलटली, किंवा गाभडली, तर तो ते आपल्या नशिबाचा भोग समजून गप्प राहतो, कारण सांगून काय मिळणार हे त्याला ठाऊक नसते आणि गाय रोगी ठरली तर दूध संघ दूध नाकारेल ही धास्ती असते. नोंदणी झालेल्या प्रत्येक जनावराच्या कानात आता बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला आहे. प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक, केंद्र आणि रेत गोळा केल्याची तारीख छापलेली असते. हे दोन क्रमांक एका नोंदीत जोडणे, ती नोंद कृत्रिम रेतन करणाऱ्या सेवकाने गोठ्यातच करून तिची प्रत मालकाला देणे, आणि एकाच वळूच्या रेतावर ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक गाई उलटल्या किंवा गाभडल्या तर त्या वळूच्या उरलेल्या सर्व कांड्यांचा वापर त्याच दिवशी थांबविण्याचा हुकूम निघणे, एवढी व्यवस्था असली तर दोष आयात खेपेत असो वा देशी रेतात, तो वर्षांनी नव्हे तर आठवड्यांत उघडकीस येईल. आणि ज्याच्या गाईमुळे तो उघडकीस आला त्याला त्या गाईची पूर्ण भरपाई, पंचनाम्यानंतर तीस दिवसांच्या आत, आयात करणाऱ्यांकडून आगाऊ घेतलेल्या अनामत निधीतून मिळाली पाहिजे. अशी अनामत ठेवल्याशिवाय यापुढे कोणत्याही खेपेस परवाना देऊ नये, अशी माझी पशुसंवर्धन खात्याला आग्रहाची विनंती आहे.